उजेडाकडे धरून

एकतीस वर्षं नोटप्रेसमध्ये तपासणीला होते मी.
नाशिकरोडला सकाळचा भोंगा झाला
की निऱ्या आवरत टेबलाशी,
समोर कोऱ्या करकरीत नोटांचा गठ्ठा,
आणि बोटांना एकच काम,
खोट शोधायची.
शाई फुटली, आकडा सरकला, कोपरा मुडपला,
डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं.
यमुना साळवे म्हणायची, शैला,
तुझ्या अंगठ्याला वेगळा पगार द्यायला पाहिजे.

हे आठवायचं कारण,
परवा जेलरोडच्या बाजारातून घरी आले
तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती.
मेथीच्या गाडीपासून आमच्या जिन्यापर्यंत
एका पायानं अनवाणी चालत आले
आणि पाय काही बोलला नाही.

मग जिन्याची पहिलीच पायरी.
पडलेही नाही धड, नुसता तोल गेला.
दोन दिवस सूज बघत बसले.
दुखत नाही म्हणजे काही नाही,
असं आपलं गणित.
तिसऱ्या दिवशी सुनेनं न विचारता रिक्षा बोलावली.

डॉक्टर निरगुडे म्हणाले, करंगळीच्या मागचं हाड मोडलंय.
मी म्हटलं, अहो, दिवाळीनंतरच
हाडांची घनता मोजली होती ना,
कागद आहे पिशवीत, आकडा चांगला आहे,
तुम्हीच म्हणालात, वयाच्या मानानं भारी.
ते म्हणाले, आकडा खरा आहे, बाई,
पण शुगरवाल्यांना तो फसवतो.
हाडात नुसता चुना नसतो.
आत धागे असतात, झटका सोसणारे.
वर्षानुवर्षं साखर त्या धाग्यांना चिकटत जाते,
धागे ताठरतात.
वजन तेवढंच, माप तेवढंच,
आणि आतून चिक्की.

चिक्की! मधुमेहाच्या बाईला
हाच शब्द सापडला त्यांना.
मला हसू आलं, सून माझ्याकडे बघत राहिली.

म्हणजे लांबी बरोबर, रुंदी बरोबर,
आकडा, सही, सगळं जागच्या जागी,
फक्त आतला धागा गेलेला.
अशी नोट माझ्या टेबलावरून सुटली नसती.
आणि इथे माझ्याच अंगात
पाळी न चुकता छापली जात होती,
दुपारच्या गोड चहाबरोबर,
साठीच्या पेढ्यांबरोबर,
गोळी उद्या घेऊ म्हणाले त्या प्रत्येक दिवशी.

पिंपळगावच्या भावाकडे एक नळी आहे.
मण्याचा थेंब काचेवर सोडायचा,
डोळा लावायचा, गोडी वाचायची.
अठरा भरली की तो मजूर बोलावतो.
गोडी भरली की तोड,
बागेचा हिशोब सरळ आहे.
सुट्टीला गेले की मीही हौसेनं नळीतून बघायचे.
माझ्यातली कुणी वाचली नाही,
किंवा वाचली, मी ऐकलं नाही.
दर तीन महिन्यांनी कागद यायचा
आणि फ्रिजवरच्या डब्याखाली जायचा.

आता प्लास्टर. खिडकीशी खुर्ची.
काल एक्स-रे काढला पाकिटातून
आणि सवयीनं उजेडाकडे धरला.
काळ्यावर पांढरं, पांढऱ्यात एक बारीक रेघ.
जलचिन्ह कुठे दिसतंय का, बघत राहिले.
वेडीच आहे.

रात्री दुसरा पाय मांडीवर घेते.
तळव्यावरून अंगठा फिरवते, सावकाश,
टाचेपासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत.
तळव्याला अंगठा कळत नाही.
अंगठ्याला तळवा कळतो अजून.
इथे भेग. इथे खडा रुतल्याची खूण,
कधी रुतला कोण जाणे.

टेबलावर असते तर
खूण करून बाजूला टाकली असती.
इथे बाजूला टाकायची सोय नाही.
ही एकच आहे,
आणि मला बाजारात जायचंय,
मेथीवाल्याकडे चप्पल राहिली असेल.